श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन : बोरिवलीपासून कर्जतपर्यंत

श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन ही संस्था डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी या मनोविकारतज्ज्ञ दांपत्याने १९८८ साली बोरिवलीत सुरू केली. घर सुटलेल्या आणि रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना आणणे, त्यांच्यावर मोफत उपचार करणे आणि प्रकृती सुधारली की देशाच्या ज्या भागातून ते आले तिथे त्यांना घरी पोचवणे, हे संस्थेचे काम आहे. उपनगरातल्या एका लहानशा नर्सिंग होममध्ये सुरू झालेले हे काम पुढे दहिसरला आणि २००६ पासून रायगड जिल्ह्यातल्या कर्जतला गेले. जागा बदलल्या, रुग्णांची संख्या वाढली, कामाची रीत मात्र पहिल्या रुग्णाच्या वेळी ठरली तीच राहिली.

१९८०च्या दशकात कांदिवली, बोरिवली, दहिसर हा पट्टा झपाट्याने भरत होता. शहरातल्या चाळी सोडून कुटुंबे इकडे येत होती आणि त्याच काळात उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, ओडिशा, आंध्र या राज्यांतून कामाच्या शोधात निघालेली माणसेही उपनगरांत उतरत होती. २०११च्या जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ९३,५६,९६२ भरली. एवढ्या गर्दीत स्टेशनच्या पुलाखाली किंवा कचराकुंडीशेजारी बसलेला, केसांच्या जटा झालेला, अंगावर चिंध्यांचे थर चढवलेला आणि स्वतःशीच बोलणारा माणूस रोजच्या वाटेवर दिसतो आणि लोक त्याला भिकारी समजून पुढे जातात. पण असा माणूस सहसा भीक मागत नाही. कोणी दिले तर घेतो, नाहीतर कचऱ्यातले उचलून खातो. भीक मागायलाही समोरच्याशी संबंध जोडावा लागतो आणि त्याच्या आजाराने नेमके तेच तोडलेले असते. रस्त्यावरचा मनोरुग्ण ओळखण्याची ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे.

अशी माणसे मुंबईत दोन वाटांनी पोचतात. काही जण कामासाठी येतात, बांधकामावर किंवा कारखान्यात राबतात, एकटे पडतात आणि इथेच आजारी पडतात. मुकादम बदलतो, खोली सुटते, गावाला जाणारे पैसे थांबतात आणि वर्षभरात माणसाचा ठावठिकाणा कोणालाच उरत नाही. दुसऱ्या वाटेने येणारे गावीच आजारी पडलेले असतात. कानात येणाऱ्या आवाजांनी हुकूम केला म्हणून, किंवा घरचेच आपल्याला विष घालणार अशी खात्री झाली म्हणून ते बाहेर पडतात आणि समोर येईल त्या गाडीत बसतात. मुंबई हे पुष्कळ गाड्यांचे शेवटचे स्थानक. बिहारमधल्या एखाद्या तालुक्यातून निघालेला माणूस तिकिटाशिवाय आणि कारणाशिवाय कुर्ल्याला किंवा वांद्र्याला उतरतो तो असा. मराठी त्याला येत नाही, हिंदीही कधी कधी नसते आणि स्वतःचे नाव सांगण्याच्या स्थितीत तो नसतो.

यांतल्या बहुसंख्य रुग्णांना स्किझोफ्रेनिया असतो. साधारण शंभरात एकाला आयुष्यात कधीतरी गाठणारा हा आजार बहुधा विशीत किंवा तिशीच्या सुरुवातीला डोके वर काढतो. भास होतात, संशय बळावतो, विचारांची साखळी तुटते, हळूहळू अंघोळ, जेवण, झोप यांचेही भान सुटते. १९५०च्या दशकात क्लोरप्रोमाझिनपासून या आजारावर परिणामकारक औषधे मिळू लागली आणि १९९०च्या दशकात रिस्पेरिडोन, ओलान्झापिन यांसारखी नवी औषधे भारतात आली. नियमित औषध घेतले तर बरेच रुग्ण काम करू शकतात, संसार करू शकतात. तरीही राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) देशातल्या १०.६ टक्के प्रौढांना मानसिक आजार असल्याचे दिसले आणि त्यांतल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. घरात राहणाऱ्यांची ही स्थिती असेल, तर रस्त्यावरच्या माणसापर्यंत उपचार पोचणे किती दुरापास्त, हे वेगळे सांगायला नको.

संस्था सुरू झाली तेव्हा अशा रुग्णासाठी सरकारी व्यवस्था म्हणजे मनोरुग्णालय. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये. मुलुंडची हद्द ओलांडली की लागणारे ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासूनचे, १,८५० खाटांचे. महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत मनोविकार विभाग होते, पण तिथे दाखल करून घ्यायचे तर सोबत नातेवाईक लागतो, आणि या रुग्णाजवळ नेमका तोच नसतो. कायदा १९१२चा, भारतीय वेडेपणा अधिनियम या नावाचा. त्यात रुग्णाच्या उपचारापेक्षा त्याच्यापासून समाजाला सांभाळण्याची काळजी अधिक होती. देशाच्या काही भागांत तर कोणताही गुन्हा न केलेले मनोरुग्ण तुरुंगात ठेवले जात. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात लढा दिला आणि १९९३ साली न्यायालयाने ही प्रथा बेकायदा आणि घटनाबाह्य ठरवली. ‘श्रद्धा’च्या पहिल्या पाच वर्षांचा काळ हा असा होता.

पहिल्या रुग्णाची हकीकत डॉ. वाटवानी यांनी अनेकदा सांगितली आहे. हाडांचा सापळा झालेला, मळलेला एक तरुण नारळाच्या करवंटीने गटाराचे पाणी पिताना या दांपत्याला दिसला. दोघांनी त्याला आपल्या नर्सिंग होममध्ये आणले, न्हाऊ-माखू घातले आणि उपचार सुरू केले. स्किझोफ्रेनियाचे निदान झाले. औषधांनी तो बोलू लागला तेव्हा कळले, की तो आंध्र प्रदेशातल्या कडप्पा जिल्ह्यातला विज्ञानाचा पदवीधर आहे आणि वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविकाही त्याच्याजवळ आहे. वडील जिल्हा परिषदेत अधिकारी होते. त्यांना कळवल्यावर ते मुंबईत आले आणि मुलाला घेऊन गेले.

या एका घटनेतून दांपत्याला जे दिसले त्यावर पुढची सगळी संस्था उभी आहे. रस्त्यावरचा माणूस अनाथच असेल असे नाही. त्याच्या मागे घर असते, शिक्षण असते, त्याची वाट पाहणारे कोणीतरी असते. आजार आणि घर यांच्यामधला तुटलेला धागा बहुतेक वेळा काही आठवड्यांच्या औषधाने सापडतो. म्हणूनच रुग्णाला कायमचा आसरा द्यायचा आश्रम काढण्याचा विचार संस्थेने पुढेही केला नाही. रुग्ण घरी गेला की उपचाराचा एक टप्पा पुरा होतो, ही तिची भूमिका राहिली आणि खाटांची संख्या मोजकी असूनही हजारो लोकांपर्यंत पोचणे तिला त्यामुळेच जमले.

सुरुवातीची वर्षे खासगी व्यवसाय आणि हे काम एकाच छपराखाली चालले. शुल्क देणारे रुग्ण आणि रस्त्यावरून आणलेले रुग्ण एकाच नर्सिंग होममध्ये असत. मिळकतीतला पैसा या कामाकडे वळे. एका वेळी दोन-तीन रुग्णच ठेवता येत. त्यांतला एक घरी गेला की पुढच्याची जागा होई.

संस्थेला स्वतःची जागा मिळाली ती चित्रकारांमुळे. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये अध्यापन केलेला एक कलावंत रस्त्यावर विपन्नावस्थेत सापडला आणि ‘श्रद्धा’त बरा झाला. ज्याच्या हाताखाली पिढ्या शिकल्या तो माणूस या अवस्थेला गेला होता, या बातमीने मुंबईचे कलाजगत हादरले. शंभराहून अधिक चित्रकार-शिल्पकारांनी आपल्या कलाकृती संस्थेला दिल्या, त्यांचे प्रदर्शन भरले आणि विक्रीतून उभ्या राहिलेल्या रकमेतून दहिसरला जागा घेता आली. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे सुमारे २० रुग्णांची सोय झाली. या घटनेचे मोल पैशापुरते नाही. मानसिक आजार गरिबाला, अशिक्षिताला होतो असा समज शहरातल्या सुशिक्षित वर्गात पक्का होता. आपल्यातल्याच एकाला रस्त्यावर पाहून तो प्रथमच हलला.

दहिसरला शेजाऱ्यांनी कडाडून विरोध केला. वस्तीत मनोरुग्ण नकोत, मुलाबाळांना धोका होईल, अशी त्यांची तक्रार होती. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि निकाल संस्थेच्या बाजूने लागला. या विरोधाला निव्वळ दुष्टपणा म्हणता येत नाही. मनोरुग्ण म्हणजे हिंसक, ही भीती सिनेमांनी आणि अर्धवट माहितीने घरोघर रुजवलेली आहे. प्रत्यक्षात रस्त्यावरचा मनोरुग्ण इतरांना इजा करण्यापेक्षा स्वतःच इजेचा बळी होण्याची शक्यता कितीतरी अधिक असते. मुले दगड मारतात, दुकानदार पाणी ओततात, स्त्रियांवर अत्याचार होतात. पण एखाद्या भागात मनोरुग्णांचे केंद्र असू शकते की नाही हा प्रश्न उपनगरात न्यायालयापर्यंत न्यावा लागला, ही नोंद इतिहासात राहायला हवी.

रुग्णाला आणण्याचे काम बाहेरून दिसते तितके सोपे नसते. त्याला धरून गाडीत कोंबले तर पुढचे सगळेच बिघडते. कार्यकर्ते आधी जवळ बसतात, चहा-बिस्किटे देतात, बोलायचा प्रयत्न करतात. रुग्ण घाबरून पळतो, कधी शिव्या देतो, कधी जवळची गाठोडी सोडायला तयार होत नाही. त्या गाठोड्यांत प्लास्टिकच्या पिशव्या, कागद, दगड असतात आणि त्याच्या लेखी ती मालमत्ता असते. पोलिसांना कळवून, नोंद करून रुग्ण आणला जातो. केंद्रात आल्यावर केस कापणे, अंघोळ, स्वच्छ कपडे आणि गरम जेवण. केसांत उवा असतात, पायांच्या जखमांत कधी कधी किडे झालेले असतात. रक्ततपासणीत पंडुरोग तर हमखास निघतो, काहींना क्षयही असतो. त्यामुळे मनाच्या औषधाबरोबर शरीराचे उपचारही पहिल्या दिवसापासून चालतात. वर्षानुवर्षे उकिरड्यावर जगलेल्या माणसाला एकदम पोटभर खायला दिले तर तेही झेपत नाही. आहारही जपून वाढवावा लागतो.

भास आणि संशय कमी करणारी औषधे साधारण दोन-तीन आठवड्यांत काम करू लागतात. झोप लागते, बडबड थांबते, नजर समोरच्यावर ठरते. मग तो रुग्ण ताट धुतो, शेजारच्याला पाणी देतो, बागेत काम मागतो. उपचाराच्या पुस्तकात या गोष्टींना लक्षणांमधील सुधारणा म्हणतात. केंद्रातल्या कर्मचाऱ्यांना मात्र त्यांतून एक प्रश्न विचारण्याची वेळ कळते : गाव कुठले?

हा प्रश्न ‘श्रद्धा’च्या कामाचा कणा आहे आणि त्याचे उत्तर एका झटक्यात येत नाही. रुग्ण लहानपणचे गावाचे नाव सांगतो, जिल्हा सांगता येत नाही. त्या नावाची गावे चार राज्यांत असतात. एखाद्याला फक्त बाजाराचा वार आठवतो, एखाद्याला नदी, एखाद्याला शाळेतल्या मास्तरांचे नाव. बोलीवरून अंदाज बांधावा लागतो. भोजपुरी आणि मैथिली यांतला फरक ओळखणारा माणूस असेल तर शोध निम्म्यावर येतो. म्हणून वेगवेगळ्या भाषा बोलणारे सामाजिक कार्यकर्ते हा संस्थेचा औषधांइतकाच महत्त्वाचा भाग ठरला. तेलुगू बोलणाऱ्या रुग्णाशी तेलुगूत कोणी बोलले, की महिनोन्‌महिने गप्प असलेला माणूस बोलू लागतो, आणि मनोविकारतज्ज्ञालाही त्याचा भास कोणता आणि खरे दुःख कोणते हे तेव्हाच नीट कळते. उपलब्ध तुकड्यांवरून पोस्ट ऑफिस, पोलीस ठाणे, ग्रामप्रधान असा शोध चालतो. पूर्वी तो पत्रांनी आणि ट्रंक कॉलनी चाले. मोबाइल आल्यावर रुग्णाचा फोटो तासाभरात गावातल्या कोणाच्या तरी हाती पडू लागला.

त्यानंतर प्रवास. कार्यकर्ते रुग्णांना घेऊन रेल्वेने निघतात, एका फेरीत एकाच दिशेची तीन-चार माणसे असतात, आणि प्रत्येकाला त्याच्या दारापर्यंत पोचवले जाते. शेवटचा टप्पा बसने, टमटमने किंवा पायी होतो. संस्थेच्या कामाचा हा भाग वर्तमानपत्रांत सर्वाधिक छापून आला आहे आणि त्याचे कारण उघड आहे : मेला असे समजलेला मुलगा समोर उभा राहतो आणि सगळे गाव लोटते. पण या भेटींच्या पोटात पुष्कळ गुंतागुंतही असते. सात वर्षे पत्ता न लागलेल्या व्यक्तीला कायद्याने मृत मानता येते. कुठे क्रियाकर्म झालेले असते, कुठे रेशनकार्डावरून नाव गेलेले असते, कुठे जमिनीची वाटणी भावांत उरकलेली असते, कुठे पत्नीने दुसरा संसार मांडलेला असतो. घरी पोचवणे म्हणजे या सगळ्यात एका माणसाची जागा पुन्हा तयार करणे. कार्यकर्ते घरच्यांना बसवून आजार समजावतात, ही करणी किंवा भूतबाधा नाही हे सांगतात, गोळ्या कशा द्यायच्या ते दाखवतात आणि शेजाऱ्यांनाही त्यात घेतात. पुष्कळ घरांनी रुग्ण हरवण्याआधी भगत, मांत्रिक, दर्गे, देवस्थाने सगळे करून पाहिलेले असते. बरा होऊन आलेला माणूस समोर असताना दिलेली माहिती त्या गावात जितकी टिकते तितकी भिंतीवरची जाहिरात कधी टिकणार नाही.

दहिसरची जागा अपुरी पडत होती. त्यातून मोठ्या केंद्राचा विचार पुढे आला, आणि त्याला बळ मिळाले ते आनंदवनात. वाटवानी दांपत्य वरोऱ्याला बाबा आमटे यांना भेटायला गेले असता वाटेत भेटलेल्या एका मनोरुग्णावरून त्यांचे बोलणे झाले, आणि हे काम मोठ्या प्रमाणावर करावे असा आग्रह बाबांनी धरला, असे डॉ. वाटवानी सांगत आले आहेत. कुष्ठरोग्यांना समाजाने जसे गावाबाहेर काढले तसेच मनोरुग्णांनाही काढले आहे, हे आनंदवन उभे करणाऱ्या माणसाला दुसऱ्या कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. देणग्यांतून कर्जतजवळ वेणगावला जमीन घेतली गेली आणि २००६ साली तिथे केंद्र सुरू झाले. सुमारे १२० रुग्णांची सोय, स्त्री-पुरुषांसाठी वेगळ्या इमारती, शेतीला आणि बागेला जागा. बोरिवली हे संस्थेचे मूळ ठिकाण राहिले. रुग्ण राहू लागले ते डोंगरांच्या पायथ्याशी. लोकल गाडीने मुंबईशी जोडलेले आणि तरीही शहराच्या गोंगाटापासून लांब असलेले हे ठिकाण उपचाराच्या दृष्टीने योग्य ठरले. इतर संस्थांत वर्षानुवर्षे राहिलेल्या मनोरुग्णांनाही कर्जतला आणून त्यांची घरे शोधण्याचे काम पुढे सुरू झाले.

‘श्रद्धा’च्या रुग्णांत दिसणारा स्थलांतर आणि मानसिक आजार यांचा संबंध जगभर अभ्यासला गेला आहे. नॉर्वेचे मनोविकारतज्ज्ञ ऑडेगार्ड यांनी १९३२ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात स्थायिक झालेल्या नॉर्वेजियनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्किझोफ्रेनियासाठी रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण त्यांच्यात मायदेशातल्या लोकांपेक्षा जवळपास दुप्पट आढळले. आजारी होऊ घातलेली माणसेच घर सोडतात, की घर सोडल्याने माणसे आजारी पडतात, हा वाद तेव्हा सुरू झाला. पुढच्या अभ्यासांनी एकाकीपणा, भेदभाव आणि तुटलेपण यांकडे अधिकाधिक बोट दाखवले. अमेरिकेत मेक्सिको, ग्वातेमाला, एल साल्वादोर, होंडुरास इथून येणाऱ्या स्पॅनिशभाषक स्थलांतरितांच्या बाबतीत मायदेशातला हिंसाचार, प्रवासातले अत्याचार आणि पोचल्यानंतर परत पाठवले जाण्याची धास्ती असे आघात एकावर एक साचतात. तिथेही उपचाराआड येते ती भाषा, कागदपत्रे आणि खर्च. त्यावर तोडगा म्हणून त्याच समाजातल्या स्त्रियांना ‘प्रोमोतोरा’ म्हणून प्रशिक्षण देऊन आरोग्यसेवा आणि वस्ती यांच्यामध्ये उभे केले जाते. ‘श्रद्धा’चे बहुभाषक कार्यकर्ते करतात ते याच जातीचे काम आहे. फरक असा, की भारतातला हा रुग्ण आपल्याच देशात परका झालेला असतो. त्याला सीमा ओलांडावी लागलेली नसते आणि परत जायला कायद्याची आडकाठी नसते. म्हणून त्याला परत नेणे शक्य असते. नेपाळमधून आलेल्या रुग्णांनाही संस्थेने घरी पोचवले आहे.

संस्थेच्या या वाटचालीच्या काळात कायदाही बदलला. १९८७चा मानसिक आरोग्य अधिनियम १९९३ मध्ये अमलात आला आणि भटकणाऱ्या मनोरुग्णाला पोलिसांनी दंडाधिकाऱ्यांपुढे नेण्याची रीत त्यात घालून दिली गेली. तमिळनाडूतल्या एरवाडी इथे ६ ऑगस्ट २००१ रोजी एका खासगी आश्रमाला आग लागून साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण होरपळून मेले, तेव्हा कागदावरचा कायदा आणि जमिनीवरची स्थिती यांतले अंतर देशाला दिसले. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने, जो २९ मे २०१८ पासून लागू झाला, रुग्णाला साखळीने बांधण्यास पूर्ण बंदी घातली. त्याच्या कलम १०० प्रमाणे स्वतःची काळजी घेऊ न शकणारा मनोरुग्ण भटकताना आढळला, तर त्याला संरक्षणात घेणे हे ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. त्याला कोठडीत ठेवता येत नाही, २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यावे लागते, आणि तो बेघर असेल तर हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद करून त्याच्या कुटुंबाचा शोध घ्यावा लागतो. निराधार आणि बेघर व्यक्तीला दारिद्र्यरेषेचे कार्ड नसले तरी सरकारी संस्थेत मोफत उपचारांचा हक्क मिळाला. बोरिवलीत एका दांपत्याने १९८८ मध्ये स्वतःहून जे केले, ते ३० वर्षांनी सरकारी यंत्रणेचे बंधनकारक काम ठरले. पोलीस ठाण्यांपर्यंत या कलमाची माहिती किती पोचली हा मात्र वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर कोणत्याही उपनगरी स्टेशनाबाहेर मिळते.

२०१८ साली डॉ. भरत वाटवानी यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. लडाखचे सोनम वांगचुक हे त्याच वर्षीचे दुसरे भारतीय मानकरी. तोवर संस्थेने ७,००० हून अधिक रुग्णांना त्यांच्या कुटुंबांपर्यंत पोचवले होते. पुरस्कार डॉ. भरत यांच्या नावे असला तरी पहिल्या दिवसापासून डॉ. स्मिता वाटवानी यांचा त्यात बरोबरीचा वाटा आहे, आणि संस्थेचा कोणताही इतिहास ते नोंदवल्याशिवाय पुरा होत नाही. पुरस्काराने देणग्या वाढल्या, त्याहून महत्त्वाचे म्हणजे देशभरच्या लहान संस्थांचे लक्ष या पद्धतीकडे वेधले गेले. चेन्नईत १९९३ पासून ‘द बॅनियन’ बेघर मनोरुग्ण स्त्रियांसाठी काम करत होती. महाराष्ट्रात अहमदनगरजवळ (आताचे अहिल्यानगर) डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांची ‘माउली’, बुलढाणा जिल्ह्यात पळसखेड सपकाळ इथला ‘सेवासंकल्प’, पनवेलजवळचा ‘सील’ आश्रम अशी कामे उभी राहिली होती. प्रत्येकाची रीत वेगळी. काही संस्था आयुष्यभराचा आसरा देतात, काही घरी परत पाठवण्यावर भर देतात. रस्त्यावरच्या रुग्णांची संख्या पाहता या सगळ्यांची एकत्रित ताकदही तोकडीच आहे.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे देशभरची प्रवासी रेल्वे थांबली. बरा झालेला रुग्ण रेल्वेने घरी जातो आणि त्याच्या जागी नवा येतो, यावर ज्या संस्थेचे सगळे चक्र फिरते तिच्यासाठी हा मोठा अडसर होता. त्याच दिवसांत लाखो स्थलांतरित मजूर मुंबईच्या उपनगरांतून पायी गावाकडे निघाले. शहरात एकट्या पडलेल्या कामगाराचे मानसिक आरोग्य हा विषय तेव्हा वर्तमानपत्रांतही आला.

घरी पोचल्यानंतरचा काळ हा या कामाचा सर्वांत अवघड भाग आहे आणि त्याच्याविषयी सर्वांत कमी लिहिले जाते. स्किझोफ्रेनियाचे औषध थांबवले तर आजार उलटण्याचा धोका मोठा असतो. संस्था गावी परतलेल्या रुग्णांना टपालाने मोफत औषधे पाठवते आणि कुटुंबाशी संपर्क ठेवते. पण फोन क्रमांक बदलतात, घर स्थलांतर करते, माणूस बरा दिसतो म्हणून घरचेच गोळ्या बंद करतात. महिन्याकाठी मिळणारे इंजेक्शन अशा वेळी उपयोगी पडते, पण ते टोचायला गावाजवळ कोणी हवे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून टप्प्याटप्प्याने देशात पसरला असला तरी पुष्कळ जिल्ह्यांत मनोविकारतज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणीच असतो आणि रुग्णाचे गाव तिथून ६०-७० किलोमीटरवर. औषधासाठी एका दिवसाची मजुरी बुडवणे परवडत नाही, हे साधे कारण पुष्कळ रुग्णांना पुन्हा आजाराकडे नेते. परत आलेल्या माणसाला गावात काम मिळाले, अगदी गुरे राखण्याचे का असेना, तर तो औषधावर टिकतो, असा या क्षेत्रात काम करणाऱ्यांचा अनुभव आहे.

स्त्रियांच्या बाबतीत परतीची वाट आणखी बिकट. रस्त्यावर असताना अत्याचार झालेल्या, कधी गरोदर असलेल्या किंवा मूल झालेल्या स्त्रीला सासर स्वीकारत नाही आणि माहेरही पुष्कळदा दार लावून घेते. आजाराच्या औषधाबरोबर झालेल्या आघातासाठी दीर्घकाळ समुपदेशन लागते आणि मुलाचा प्रश्न वेगळाच उभा राहतो. हे काम घाईने करता येत नाही. घरच्यांनी नकार दिला तर ती स्त्री जाणार कुठे, याचे उत्तर आधी तयार असावे लागते.

ज्यांचे घर सापडत नाही, किंवा सापडूनही जे स्वीकारले जात नाहीत, त्यांच्यासाठी २०१७च्या कायद्याच्या कलम १९ मध्ये तरतूद आहे. केवळ कुटुंब किंवा निवारा नाही म्हणून कोणालाही मनोरुग्णालयात ठेवून घेता येत नाही, आणि अशा व्यक्तींसाठी अर्धपुनर्वसन गृहे, सामूहिक निवास यांची सोय सरकारने वाजवी मुदतीत करायची आहे. महाराष्ट्रात अशी गृहे गरजेच्या मानाने फार थोडी आहेत. ती पुरेशी होईपर्यंत कर्जतसारख्या केंद्रांत आणि ठाणे-येरवड्यासारख्या मनोरुग्णालयांत बरे होऊनही राहणाऱ्यांची एक यादी असते, आणि त्यांची घरे शोधण्याचे काम सुरू असते.